चाकण ते पुणे, शेकासाठी

सत्तावन्न सालच्या तापाच्या साथीत ड्रायव्हर अंथरुणाला खिळला आणि चाकणची एस.टी. आलीच नाही. मी गड्याला बैलगाडी जुंपायला सांगितली. माझी धाकटी जाऊ कमळा हिला स्तनाचा कॅन्सर होता आणि पुण्याच्या दवाखान्यात किरणांचा शेक चालू होता. एकही शेक चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. दशम्या, फिरकीचा तांब्या, कापूर, जुन्या धोतराच्या धुतलेल्या घड्या, सगळे बरोबर घेतले. चिंचवडला दुपारची आगगाडी गाठायची होती.

इंद्रायणी ओलांडून चिखलीपाशी आलो, तर वाटेवर बाभळीचे काटे टाकलेले. साथीची देवी मरीआई, तिचा लहान लाकडी गाडा गावाच्या शिवेबाहेर निघाला होता. तो जाईपर्यंत सगळी ये-जा बंद.

"उद्या या, बाई," काठी टेकून बसलेले एक म्हातारबा म्हणाले.

"उद्या चालत नाही. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"ताप हाय व्हय तिला?"

"ताप नाही, बाबा," कमळा म्हणाली. "माझा रोग लागणीचा नाही. तुमच्या देवीनं मागितला तरी देता यायचा नाही."

म्हातारबा हसले. "मग गाड्यामागनं चाला. तो चिंचवडाकडंच चाललाय. पर पायी. आन् मागं बघायचं न्हाई."

गड्याला बैलगाडी घेऊन तिथूनच माघारी पाठवले. पुढे हलगी, गाड्यात हिरवा खण, दहीभात, लिंबाचा पाला. गाडा शिवेवर थांबला. आम्ही पुढे स्टेशनपर्यंत चालत गेलो. शेकाने भाजलेल्या कातडीला पदर लागू नये म्हणून कमळाने तो हाताने दूर धरला होता. दिसेल त्या झाडाखाली मी तिला बसवत होते.

आगगाडी मिळाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तापकऱ्यांच्या सतरंज्या ओळीने पसरल्या होत्या. त्यांच्यामधून पाय टाकत गेलो. शेकाच्या खोलीला कुलूप होते.

"यंत्र चालवणारे दोघंही तापात आहेत," नर्स खोकत म्हणाली. "साथ ओसरली की या."

"तोवर गाठ थांबेल का?" कमळाने विचारले.

नर्सने आधी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "नाही, ताई."

रात्र पुण्यातच काढली. दुसऱ्या दिवशी एस.टी. सुरू झाली. भोसरी, मोशी करत घरी आलो. वाटेत कमळा शेंगा फोडायच्या राहिल्यात, एवढेच बोलली.

शेक पुन्हा सुरू झाला तेव्हा गाठ काखेत उतरली होती. त्या साथीत आमच्या घरात कोणालाच ताप आला नाही. तुमचं घर तेवढं सुटलं, असे शेजारणी अजून म्हणतात. मला शेकाच्या खोलीचे कुलूप आठवते.