चिंचेने घासलेलं नाणं

माझे सासरे, आमचे बाबा, गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात डाय कापायचे, म्हणजे पोलादात उलटं कोरून साचे बनवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच खूळ लागलं, सरकारी टांकसाळीतून खेळांवर निघणाऱ्या नाण्यांचं. ही नाणी खर्चायची नसतात, हात लावायचा नसतो. डबीतली डबीतच भिंगाने बघायची. "आमच्या घरात पैसा आहे, पण सोवळ्यातला," असं मी त्यांच्यादेखत पाहुण्यांना सांगायचे.

हॉकीचं चांदीचं नाणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आरशासारखी चकचकीत पाटी आणि तिच्यावर वाकलेला दुधी रंगाचा खेळाडू. दिवाळीनंतर शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या नाण्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं. मधलं टेबल या नाण्यासाठी राखलेलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते झेंडू आणायला जवळच्या वटार गावी गेले आणि मी पूजेची चांदी काढली. घरातलं सगळ्यात मोठं चांदीचं नाणं डबीत कोंडलेलं बघून मला लक्ष्मीचीच दया आली. डबी उघडली, चिंच आणि रांगोळी घेतली आणि खसाखसा घासलं. माहेरी आम्ही असंच घासायचो.

बाबा आले. ताम्हनात बघून मटकन खुर्चीत बसले. पाटीवर ओरखडेच ओरखडे, खेळाडूचा दुधी रंग पार गेलेला.

"बाबा, मला वाटलं, पूजेला स्वच्छ हवं..."

त्यांनी नाणं उघड्या हाताने उचललं आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिले. डोळे भरलेले होते.

"या खेळाडूचा काय गुडघा कोरलाय गं कारागिराने! भिंगातून हे दिसलंच नव्हतं. आम्हा डायवाल्यांना बोटाने कळतं."

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

प्रदर्शनात बाकीची नाणी काचेखाली होती. मधल्या टेबलावर हे एकटं उघडं, शेजारी त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: 'हात लावून बघा.' सगळ्यात मोठी रांग तिथेच लागली. बाबा प्रत्येकाला गुडघा दाखवत होते. मीही रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तसे ते हळूच म्हणाले, "तू मनगट बघ. ते अजून कुणाला सांगितलेलं नाही."

मी अंगठा ठेवला. डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसत नव्हतं, पण बोटाला मनगट लागलं.