कोंब्याचा नवस

मालवणहून आगबोटीने मुंबईला जायचं तर आधी पडावात बसावं लागे. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, आमसुलांच्या पिशव्या असं सगळं पडावांतून तिच्यापर्यंत न्यायचे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. बाबांनी मला उचलून पडावात ठेवलं तेव्हा मी अशी घाबरले, की आईने काठावरून शेवटचं काय सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही. पुढे बोटीवर बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ग्यालरीत केस सोडून उभी रव नको म्हणाली." गॅलरी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पण मुंबईत अशी एक जागा आहे जिथे उभं राहणं धोक्याचं आहे, एवढं कळलं आणि मी आणखी घाबरले.

काठावर आईच्या बाजूला माझी मैत्रीण सगुणा उभी होती. आई पदराने डोळे पुसत होती. सगुणाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी कट्टा गावच्या बाजाराला निघाले आहे आणि दिवेलागणीला परत येणार आहे, अशा थाटात ती उभी होती. पडाव पहिल्या लाटेवर चढला, मी डोळे मिटून बाबांचा सदरा धरला, आणि उघडले तेव्हा कोण कुठे उभं आहे ते ओळखू येईना.

माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि जे मागे राहिले त्यांच्यासाठीही. आपण निघालेली माणसं पुढे फार शौर्याच्या गोष्टी सांगतो. खिशात काही नव्हतं, ओळख नव्हती, तरी निघालो, वगैरे. माझी गोष्ट तशी नाही. मला निघायचं नव्हतं. मला धाडलं, आणि ज्यांनी धाडलं असं सगळे समजत होते त्यांनी ते केलेलं नव्हतं.

आमचं घर तोंडवलीला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी. समुद्राला पाठ केली तर खाडी समोर. मला दोन्हींची भीती. तशी मला विहिरीची, म्हशीची, शाळेतल्या मोठ्या गुरुजींच्या छत्रीचीही भीती वाटायची. घरात मला भित्री भागूबाईच म्हणत. बाबा मुंबईला नोकरीला होते, शिमग्याला किंवा मे महिन्यात यायचे. घराचा कारभार मोठ्या काकांकडे होता आणि त्यांचा शब्द आमच्याकडे कुणी खाली पडू देत नसे.

सगुणाचं घर अगदी समुद्राला लागून. तिचा बाप होडीवर, आई मासळीची टोपली घेऊन कट्ट्यापर्यंत विकायला जाणारी. ती माझ्याच वयाची, पण तिला कशाची भीती वाटते हे मला कधी सापडलं नाही. सातवीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आमची खरी गट्टी जमली, ती कावळ्यांमुळे. पाऊस लागायच्या आत त्यांची मासळी वाळूत सुकत पडायची आणि थोडं वर आमच्या घरची सोलं, म्हणजे कोकमाची सालं, चटयांवर. दोघींना राखणीला बसवलेलं. ती माझ्या चटया सांभाळायची, मी तिची मासळी. आई म्हणायची, "बस तिच्याकडे, पण त्यांच्या चुलीकडे जाव नको." मग संध्याकाळी मला विहिरीवर उभं करून घसाघसा अंघोळ घालायची. सगुणाला हे माहीत होतं. तिने एकदा सरळ विचारलं, "आमचे बांगडे खातास, तेवा वास येना नाय?" मी कावळा हाकलायला उठले. तीच हसली आणि विषय संपला.

सगुणाने एक कोंबडा पाळला होता. पिल्लू असताना घारीच्या तोंडातून सोडवलेला. मान ताठ ठेवून चालायचा म्हणून त्याचं नाव सायब. तिच्या मागे मागे वाळूत यायचा आणि मी दिसले की माझ्या पायाला टोचायचा. कुणी विकत मागितला तर सगुणा म्हणायची, "सायब इकूचो नाय." तिच्या आईनेही त्याला कधी हात लावला नाही.

बाबा त्या मे महिन्यात आले ते आत्याचा निरोप घेऊन. इंदूला, म्हणजे मला, मुंबईला पाठवा, घरात मदत होईल आणि पुढे शिकेलही. त्याच आठवड्यात मोठ्या काकांकडे कट्ट्याहून स्थळ आलं. माणूस बिजवर, पण दुकान, पेळेचं, म्हणजे मोठ्या ओसरीचं घर, बागायत. दुपारी ओटीवर दोघा भावांचं बोलणं चाललं होतं आणि मी दाराआड धान्य निवडत होते. काका म्हणाले, "हातची सोयरिक सोडूची नाय." बाबा एवढंच म्हणाले, "चेडू शिकांदे थोडां." बाबांना भावापुढे बोलता येत नव्हतं आणि काकांना भावाचं मन मोडायचं नव्हतं. शेवटी ठरलं, देवाला कौल लावायचा. कौल उजवा पडला तर मुंबईला धाडायची, डावा पडला तर गावाकडेच द्यायची, ते देव सांगेल.

माझी पाचावर धारण बसली. मुंबईत माणसं हरवतात, एवढीच माझी मुंबईबद्दलची माहिती. आणि मधे तो समुद्र. त्यापेक्षा कट्टा बरा, असं मी मनात ठरवून टाकलं. लग्न म्हणजे काय याची मला जी कल्पना होती तीत एक लुगडं, एक नथ आणि दुपारी टोपली घेऊन आईबरोबर दारात येणारी सगुणा होती. ती येईल, मी मासे घेईन, आम्ही बोलत बसू. आज हे लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो.

मी सगुणाला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती एकदम माझ्याकडे वळली.

"कट्ट्यार खंयचां घर गो?"

"पेळेचां. दारात सोनचाफो आसा म्हणतत."

एक कावळा बांगडा घेऊन उडाला तरी ती उठली नाही. मी तिच्या खनपटीलाच बसले. "तू पण देवाक सांग. डावो पडांदे म्हण. माझ्या एकटीचां आयकूचो नाय तो." तिने मान हलवली. "सांगतंय," म्हणाली. एवढंच.

कौल कसा लावतात हे मुंबईत वाढलेल्या मुलांना सांगावं लागतं. देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना पाण्यात भिजवलेले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि मग वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर एक उत्तर, डावा पडला तर दुसरं. त्या सकाळी देवळात काका, बाबा, वाडीतली चार जुनी माणसं होती. बायका मागे खांबाशी. सगुणा तिच्या आईबरोबर पायरीच्या खाली उभी होती.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरुवात केली, "ह्या लेकराक मुंबयत धाडूचां आसात तर उजवो दी. हयसर गावाकडेन द्यायचां आसात तर डावो दी. जां काय बऱ्याचां आसात तां तुझ्या हातान कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

कळे हलेनात. मी डाव्या कळ्याकडे एवढी टक लावली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पड, पड, असं मी मनात म्हणत होते. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. आणि उजवा कळा घसरून खाली आला. काका वाकून बघायला गेले, जणू जवळून पाहिल्यावर तो डावा होणार होता. मग त्यांनी हात जोडले. आईने मला धरून बाहेर आणलं. सगुणा तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चटया घालायला गेले तर सगुणाची मासळी तिची धाकटी बहीण राखत होती. सगुणा माडांतून पलीकडे चालली होती. काखेत सायब. पाय बांधलेले. पलीकडे, खाडीच्या बाजूला, मोठ्या वडाखाली राखणदाराची, म्हणजे वाडीची राखण करणाऱ्या देवाची, जागा होती. वाडीत कोंब्याचा, म्हणजे कोंबड्याचा, नवस तिथे फेडत. मला आधी काही कळलं नाही. मग एकदम कळलं. नवस फेडतात तो मागितलेलं मिळाल्यावर. माझं मागणं तर देवाने मोडलं होतं. मग हिला काय मिळालं?

मी धावत गेले. ती परत येत होती, हात रिकामे. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"तू उजवो मागलंस?"

"व्हय."

"माका घालवूक?"

"व्हय," ती म्हणाली. मग माझा हात धरून तिने मला खाडीच्या काठाला बसवलं आणि सांगितलं. कट्ट्याच्या त्या घरात ती आईबरोबर मासे द्यायला जायची. त्या घरात सुनेला, म्हणजे त्या बिजवराच्या आधीच्या बायकोला, माजघराबाहेर येऊ देत नसत. मासे घ्यायला दाराच्या फटीतून फक्त हात बाहेर यायचा. "तिचो हात मी बघलंय. तोंड कधीच बघूक नाय. दर खेपेक एक बांगडी कमी आसायची. एकदा मनगटार डाग दिसलो, भाजलेलो. मगे एक दिस हात येवचो बंद झालो. म्हातारी इली. आवशीन विचारल्यान, सून खंय? तर म्हणाली, गेली." सगुणा गवत उपटत होती. "कसा गेली तां कोणीच बोलूक नाय."

"आमच्या घरात कित्याक सांगूक नाय?"

"आवस म्हणाली, आपल्या सांगण्यार कोण सोयरिक मोडता? म्हणान मी देवाक सांगलंय. सायब देतंय म्हटलंय."

"आणि माका?"

"तुका सांगलां असतां तर तू भियानच मेलंस असतंस."

खरं होतं ते. मी माझ्या मनगटाकडे बघत बसले. त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी पुढे आयुष्यात कधी वाटली नाही. आगबोट, समुद्र, मुंबई सगळं त्यापुढे पोरखेळ होतं. थोड्या वेळाने सगुणा म्हणाली, "आता राखणीक माका एकटीकच बसूक व्हया," आणि पहिल्यांदा तिचा आवाज हलला. मी तिला घट्ट धरलं. तिच्या अंगाला कोंबड्याचा वास येत होता. त्या संध्याकाळी मी विहिरीवर अंघोळीला गेले नाही आणि आईनेही काही म्हटलं नाही.

हंगामाच्या शेवटच्या बोटीने आम्ही निघालो.

मुंबईत मी हरवले नाही. परळच्या चाळीत आत्याकडे राहिले, मॅट्रिक झाले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, "नंबर प्लीज". ट्रंक कॉल जोडताना दिल्ली, मद्रास, कलकत्ता अशी गावं माझ्या बोटांखाली असायची. तोंडवलीला लावता येईल असा फोनच नव्हता. नाइट ड्युटीला जाताना मी दर कोपऱ्यावर मागे वळून बघायचे, नव्या सुपरवायझरसमोर नंबर चुकवायचे, लग्न ठरलं तेव्हा मी होणाऱ्या नवऱ्याचं तोंड बघायच्या आधी त्याच्या आईचे हात बघितले. गरीब बाई, त्यांना वाटलं मी बांगड्यांची डिझाइन बघते आहे. माणूस चांगला निघाला. पण भीती माझ्या सोबतच राहिली, ट्रंकेतून आणलेल्या कपड्यांसारखी वापरात. कट्ट्याच्या त्या घरात पुढे दुसरीकडची एक मुलगी दिली. वर्षाच्या आत ती माहेरी येऊन बसली असं एकदा मी गावी जेवत असताना आईने हळू आवाजात सांगितलं. काका तिथेच सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण माझ्या पानात स्वतःच्या हाताने दुसरा आंबा ठेवला.

नोकरी लागल्यावर मी मे महिन्यात गावी जाऊ लागले. मुंबईहून गेलेल्या माणसाला गावात पहिल्या पावली दोन प्रश्न ऐकावे लागतात. कधी इलंस? कधी जातलंस? एस.टी.तून उतरल्यापासून घरापर्यंत प्रत्येक ओटीवरून. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण आपल्याला ते टोचतं. अजून पाय धुतले नाहीत आणि यांना आपल्या जाण्याची घाई. आईसुद्धा विचारते, कारण तिला किती लाडू करायचे ते ठरवायचं असतं.

एकटी सगुणा विचारत नाही. तिचं लग्न वाडीतच झालं, नवऱ्याची होडी आहे, दोन मुली आहेत. मी गेले की ती पाट सरकवते आणि काल संध्याकाळीच उठून गेलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागते. मी कशी आहे, रजा किती आहे, काही नाही. गेल्या खेपेला ती अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. मला राहवलं नाही.

"सगळी विचारतत कधी जातलंस म्हणान. तू एकदा पण विचारूक नाय. कित्याक गो?"

मला वाटलं ती हसेल, काहीतरी फटकळ बोलेल. ती सोलायची थांबली.

"माका भय वाटता," ती म्हणाली. "तू फाल्यां म्हटलंस तर?"

मला धाडायला जिने देवाला गळ घातली, जिला कशाचीच भीती वाटत नाही असं मी जन्मभर धरून चालले, ती हे म्हणत होती. माझं तिकीट फाल्यांचंच, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.चं होतं. "अजून आसंय मी," मी म्हणाले आणि तिच्या बाजूला बसून सुंगटं सोलायला घेतली.

मुंबईत आता आमच्या दोन खोल्या आहेत, दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी आहे, आणि मी सुखी आहे. पण घर कुठे असं कुणी विचारलं की मला ते अंगण आठवतं. मी उठून जाईन म्हणून तिथे एक बाई घाबरते, आणि म्हणूनच काही विचारत नाही.