सुपामामांचं पाँपेईतलं दुकान

सुपामामांनी पडक्या जागेला कधी मान दिला नाही. आमच्या लहानपणी त्यांनी आम्हा भावंडांना हंपीला नेलं होतं. लोक माना वर करून खांब बघत होते आणि मामा एका सावलीला बसून तंबाखू मळत होते. "बांधत होते तेवा कुणी बोलावलं न्हाई, पडल्यावर बघायला बोलावतात," असं त्यांचं म्हणणं. एका देवळाशी चपला काढायला सांगितल्या, तर म्हणाले, "आत देव न्हाई, वर छप्पर न्हाई. चपला कुणासाठी काढायच्या गा?"

त्यांचं स्वतःचं गाव सुपा. काळी नदीवर धरण झालं आणि सुपा पाण्याखाली गेलं. माणसं उठून रामनगरला आली. तिथे निम्मा गाव सुप्याचाच, पण सुपामामा हे नाव एकट्या यांनाच पडलं, कारण कुठल्याही बोलण्यात ते तिसऱ्या वाक्याला सुप्याच्या बाजारपेठेत पोचायचे. तिथे आजोबांचं किराणा दुकान होतं, फळ्यांचं. उंबऱ्यातल्या खाचेत एकेक फळी सरकवत न्यायची आणि दुकान बंद करायचं. फळ्यांवर आकडे घातलेले. गाव सोडताना मामांनी त्या फळ्या तेवढ्या उचलून आणल्या. नव्या घराला शटर बसलं, मग फळ्यांचे जेवायचे पाट झाले. मामीच्या घरी आजही एखादा पाहुणा सातवर बसतो आणि एखादा अकरावर.

दुकान गेल्यावर मामा लग्नाकार्यांत स्वयंपाक करू लागले. मी तोवर पुण्यात एका सहल कंपनीत टूर मॅनेजर झालो होतो. आमच्या युरोपच्या सहलीबरोबर आचारी असायचा, त्या जागेवर मी मामांना लावलं. नात्यातला माणूस घ्यायचा नाही असा कंपनीचा नियम होता, म्हणून नातं लपवलं. प्रवाशांसमोर ते मला साहेब म्हणायचे. मुदपाकखान्यात शिरलं की, "साहेब, जरा कांदा चिरा." मी चिरायचो. "बारीक चीर की गा, बाळू. आईनं काय शिकवलं तुला?"

इटलीतल्या पाँपेईला, राखेखालून उकरून काढलेल्या त्या गावात, आचाऱ्यानं आत यायचं नव्हतं. पण एका बाईंचे गुडघे दुखत होते, त्या बसमध्येच थांबल्या आणि त्यांच्या तिकिटावर मी मामांना घेतलं. हातात त्यांचा चिवड्याचा डबा होता, कारण डबा ते बसमध्ये कुणाच्या भरवशावर ठेवत नसत. तिथली गाईड इंग्रजीत सांगायची, मी मराठीत सांगायचो. डोंगरातून आग निघाली, राख पडली आणि गावच्या गाव गाडलं गेलं, एवढं सांगून झाल्यावर मामांनी हळूच विचारलं, "यांना नोटीस न्हाई आली? आमाला तरी आली होती."

मग एका गल्लीत ते थांबले. खाली वाकले आणि एका दगडी उंबऱ्यावरून बोट फिरवू लागले. उंबऱ्यात लांब खाच होती. "फळ्यांचं दुकान हाय," ते म्हणाले. गाईड म्हणाली, बरोबर आहे, यांना कसं कळलं? मामांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. "या अंगानं फळ्या सरकवायच्या. हितं दगड झिजलाय बघ. शेवटची फळी ही, तिला कडी. मालक उजव्या हाताचा होता." मी भाषांतर केलं. गाईडनं वही काढून लिहून घेतलं. पडक्या जागेला मामांनी मान दिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तो मान काही फार टिकला नाही. आत दगडी ओटा होता, त्यात बरण्या बसवायला गोल भोकं. मी पुढच्या घराची माहिती सांगून वळलो, तर मामा दोरी ओलांडून ओट्यामागे मांडी घालून बसलेले. डबा उघडा. आमचे सगळे प्रवासी ओट्यापुढे गर्दी करून चिवडा घेत होते, आणि त्यांच्यात कुठलं तरी एक परकं जोडपंही ओंजळ पुढे करून उभं. "सावकाश, सगळ्यांना मिळंल," मामा सांगत होते. तेवढ्यात शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला. मामांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. "या, बसा. काय देऊ?"

पहारेकऱ्यानं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि विचारलं, हा माणूस कुणाचा? या गटाचा प्रमुख कोण?

आधीच माझ्याविरुद्ध एक तक्रार ऑफिसात गेलेली होती. आणखी एक आली तर घरी बसा, असं मला तोंडावर सांगितलेलं. मी पुढे झालो आणि इंग्रजीत म्हणालो, "या माणसाला मी ओळखत नाही. हा आमच्यातला नाही."

आमचे प्रवासी तोंडात चिवडा धरून उभे होते. कुणी चावेना. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळायला ते लागतही नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "नो ग्रुप. सिंगल." मग त्याच्या पुढेपुढेच चालत गेले, जणू तेच त्याला घेऊन चालले होते.

मी त्यांच्यासाठी थांबलो, असं लिहायला मला आवडलं असतं. बस थांबली ती ड्रायव्हरच्या सक्तीच्या विश्रांतीसाठी. तासाभरानं मामा आले, रिकामा डबा काखेत मारून. चिवडा पहारेकऱ्यांनी संपवला होता. संध्याकाळी त्यांनी पिठलं-भात केला आणि पहिलं ताट नेहमीसारखं माझ्यापुढे ठेवलं. "साहेब, मीठ बघा," म्हणाले. बस्स, एवढंच.

पुढे ते रामनगरला परतले आणि मला बढती मिळाली. मी फार कमी जायचो. एका उन्हाळ्यात गणेशगुडीला धरणाकाठी आम्ही दोघं उभे होतो. पाणी उतरलेलं, पण सुपा काही दिसत नव्हतं. मामा म्हणाले, "त्या इटलीवाल्यांचं बरं. राख झाडता येते." आज बोलायचंच म्हणून मी तोंड उघडलं. "मामा, तिथं मी..." ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "चल गा, बस चुकली तर इथं वाघाबरोबर ऱ्हावं लागंल." मी त्यांच्यामागून चालू लागलो. बस यायला अजून अर्धा तास होता.

मागच्या वर्षी मामा गेले. बाराव्याला जेवणं चालली होती आणि शेजारचे अण्णा पाँपेईची गोष्ट सांगू लागले. रामनगरात ती सगळ्यांना पाठ होती. मला नव्हती. मामांनी सांगितलेली गोष्ट अशी: पहारेकऱ्यानं मामांना धरलं, भाचा सोडवायला धावला, आणि मामांनीच हात झटकून सांगितलं, हा कोण साहेब, मी ओळखत न्हाई. भाचा बिचारा रडकुंडीला आला आणि मामा गेले पहारेकऱ्यांबरोबर कॉफी प्यायला.

पंगत हसून हसून लोळली. मामी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "असलाच होता. सख्ख्या भाच्याला ओळख दिली न्हाई. बाळू, तू मनाला लावून घेऊ नको हां."

"नाही मामी," मी म्हणालो, आणि आमटी आणखी घेतली.

म्हणजे मामांना मी दोनदा नाकारलं, आणि दुसऱ्यांदा, त्या पंगतीत, तर तक्रारीचीही भीती नव्हती. तेव्हा सांगून टाकतो. तो माणूस आमच्यातला होता. माझ्या आईचा धाकटा भाऊ होता, आणि ओळख नाकारणारा मी होतो. मामी शिकली कन्नड शाळेत, मराठी बोलते पण तिला वाचता येत नाही. हे कागदावर उतरवून माझी सुटका व्हायची नाही. रामनगरला जाऊन, तिच्यासमोर बसून, मला ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार आहे.