कोटाचं बटण आणि सरकारी बेडूक

आमच्या गावाने एकदा इंग्रज सरकारकडे बेडूक मागितले होते. अर्ज मी टाइप केला होता.

आमचं गाव म्हसावदजवळ. पावसाळ्यात शहाद्याचा रस्ता असा चिखलायचा, की बैलगाड्या आसापर्यंत रुतायच्या. गावाने दर वर्षी रस्त्यासाठी अर्ज करावा आणि सरकारने तो दर वर्षी नीट ठेवून द्यावा, असा दोन्ही बाजूंनी शिरस्ताच पडला होता. माझे वडील, आबा, गावचे पाटील. त्यांनी ठरवलं, की मराठी अर्जाला सरकार भीक घालत नाही. इंग्रजीत टाइप केलेला अर्ज पाहिजे. त्यासाठी घरात विद्वान होताच! मी नुकताच सुरतेहून टाइपिंग शिकून आलो होतो आणि येताना एक जुनं यंत्रही घेऊन आलो होतो.

यंत्र स्वस्तात मिळालं, कारण त्याच्या कित्येक कळांवरच्या टोप्या गळून पडल्या होत्या. टोपी असलेली कळ उंच आणि वाटीसारखी खोलगट. बोट तिच्यात आपोआप बसायचं. टोपी नसलेली म्हणजे नुसती बुटकी दांडी. बोट हमखास घसरून फटीत अडकायचं. त्यातून सुरतेच्या मास्तरांनी मला कळांकडे न बघता टाइप करायला शिकवलं होतं. (बघून तरी येतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.) पहिल्याच दिवशी माझी चार बोटं सोलली.

आमची धाकटी काकू शिवणकामात हुशार. तिने माझी बोटं बघितली, बटणांचा डबा काढला आणि सुताराकडून सरस आणून उघड्या दांड्यांवर एकेक बटण चिकटवून दिलं. डब्यात असतील ती बटणं! सदऱ्याची चपटी, पोलक्याची इवलीशी, आणि टी या अक्षरावर आजोबांच्या कोटाचं घुमटासारखं भलंमोठं बटण.

"हाई मोठं शे," काकू म्हणाली. "आते तुन्हं बोट घसरनार नही."

बोट घसरलं नाही, हे खरं. पण टीच्या डाव्या हाताला आर असतो. त्याच्या वाट्याला सदऱ्याचं चपटं बटण आलं होतं, आणि त्यावर कोटाच्या बटणाची कड छपरासारखी आली होती. आर शोधायला गेलेलं बोट आधी टीवरच आपटायचं. न बघता टाइप करणाऱ्याला हे कळावं कसं?

अर्ज मी चावडीत, सगळ्या गावासमोर टाइप केला. माझी नजर कळांवर नव्हती, कागदावरही नव्हती. लोक माझ्याकडे बघताहेत की नाही, तेवढंच मी बघत होतो. कागद काढल्यावर मी तो खड्या आवाजात वाचूनही दाखवला, म्हणजे मनात जे होतं ते म्हणून दाखवलं. आबांनी सही ठोकली आणि कागद पाठवून दिला.

महिन्याभरात आक्रीत झालं. खुद्द प्रांतसाहेब गावात येऊन दाखल झाले! ओसरीवर सतरंजी घातली, पाटलांची खुर्ची दिली. साहेबाने खिशातून आमचा अर्ज काढला आणि इंग्रजीतून मला विचारलं, की आपल्याला नेमकं किती हवं आहे?

आबांनी मला कोपराने ढोसलं. "साहेब काय म्हणी ऱ्हायना?"

"किती पाहिजे, विचारतात."

"तीन कोस सांग. कमी नको सांगू."

मी अदबीने सांगितलं, सहा मैल.

साहेबाने अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो शांतपणे म्हणाला, "सहा मैल बेडूक?"

त्याने कागद माझ्यापुढे धरला. रोड या शब्दातला आर टी होऊन बसला होता. रोडचा झाला होता टोड, म्हणजे बेडूक, तोही अर्जभर! 'सर' या मायन्याचं तर 'सिट' झालं होतं. म्हणजे आम्ही पहिल्याच ओळीत साहेबाला खाली बसायचा हुकूम सोडला होता. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आबा मात्र साहेब हसतोय म्हणून खूश होऊन मान डोलवत होते.

साहेब चहा पिऊन निघाला आणि गावाबाहेर पोचायच्या आत त्याचा घोडागाडीसकट मुक्काम चिखलात पडला. अर्ध्या गावाने खांदे लावून चाकं उचलली. गुडघाभर चिखलात उभ्या साहेबाच्या चारही बाजूंना बेडूक ओरडत होते. तो मला म्हणाला, की हे तर तुमच्याकडे भरपूर आहेत, मी तुम्हाला रस्ता देतो.

आणि पुढच्या उन्हाळ्यात खडी आली! साहेबाच्या कारकुनाकडून नंतर कळलं, की कचेरीत अर्जांचे ढीग होते. मोठ्याने हसून वाचला गेला तो एवढा एकच.

मी लाजेने कोटाचं बटण उपटून काढलं, नंदुरबारहून अस्सल टोप्या आणवल्या, सगळ्या कळा एका उंचीला आणल्या आणि आजूबाजूच्या गावांना अत्यंत शुद्ध अर्ज टाइप करून दिले. त्यांतल्या एकालाही उत्तर आलं नाही. आमच्या रस्त्याची कीर्ती ऐकून लोक येतच राहिले, पण माझ्यापर्यंत पोचायच्या आधी त्यांना ओसरीवर आबा गाठायचे आणि गंभीरपणे विचारायचे,

"अर्ज शुद्ध जोयजे, का मंजूर?"

शुद्ध म्हणणारा एकही मला आजवर भेटलेला नाही.