अक्काच्या बोअरचं खारं पाणी
माझी नोकरी गुजरातेत, तेलाच्या विहिरींच्या मुलखात होती. तेलाबरोबर जमिनीतून खारं पाणीही वर येतं. ते आसपासच्या गावांच्या पाण्यात मिसळतंय का, हे आम्ही तपासायचो. तारेला बांधलेलं यंत्र विहिरीत सोडायचं आणि कुठल्या खोलीवर पाणी किती खारं आहे, ते पडद्यावरच्या रेषेत वाचायचं. हे काम मला चांगलं जमायचं.

एका उन्हाळ्यात गावाहून, खजुरीहून, थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. तिच्या बोअरचं पाणी खारं झालं होतं, भाजीची रोपं करपत होती. तिच्या मते दोष शेजाऱ्याचा. त्यानं बांधालगत नवं बोअर पाडलं, तेव्हापासूनच हे सुरू झालं म्हणे. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

ओळखीतून एक लहान यंत्र मागून घेऊन मी गेले. मोटर वर काढली, पाणी स्थिर होऊ दिलं, मग तार सोडली. खडकाच्या वरच्या फटींतलं पाणी गोड होतं. रेषा बराच वेळ सरळ उतरली आणि तळाजवळ एकदम वळली. मागल्या वर्षी अक्कानं हट्टानं खोल करून घेतलेला भाग तो हाच. मग शेजाऱ्याला विचारून त्याच्याही बोअरमध्ये तार सोडली. ते कमी खोल होतं आणि तळापर्यंत गोड.

मी म्हणाले, "अक्का, खारं पाणी तुझ्याच बोअरच्या तळातनं यायलंय. त्याचा दोष न्हाई."

ती पडद्याकडं बघत राहिली. "तुझं यंत्र चुकत न्हाई?"

"चुकतं की. म्हणून दोन्हीकडं पुन्हा सोडून बघितलं."

संध्याकाळी ती शेजाऱ्याकडं निघाली. मीही चप्पल घातली, तर तिनं थांबवलं. "माप तू घेतलंस. बोलायचं मला हाय."

तिथं काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारी चिकणमाती आणि सिमेंट उतरवायला आमच्यासोबत उभा होता. तळापासून गोड फटींच्या खालपर्यंत आम्ही बोअर बुजवलं. मोटर चालवल्यावर आधी मचूळच पाणी आलं.  साचलेलं खारं पाणी आधी निघून जाणार, याची मला खात्री होती. पुढं ते निवळत गेलं आणि पिण्याजोगं झालं.

आता पाणी पहिल्यापेक्षा कमी येतं. अक्का निम्म्याच रानात भाजी लावते. गावात कुणी बोअर खोल करायचं म्हटलं, की ती आधी त्याला मला फोन लावायला सांगते.