तीनदा विचारलेलं कॉबलर

अर्विंगमध्ये आमच्या घरापासून दोन सिग्नलवर एक डायनर आहे. दर शनिवारी दुपारी मी आणि बायको तिथे जेवायला जातो. खिडकीजवळचं टेबल, तिचं ग्रिल्ड चीज, माझं ऑम्लेट, आणि अकरा वर्षं आम्हाला वाढणारी एकच बाई, साधारण आमच्याच वयाची. जेवण झालं की ती मला विचारायची, "पीच कॉबलर, हनी?"

कॉबलर म्हणजे साखरेत शिजवलेल्या पीचच्या फोडी, त्यावर खरपूस भाजलेलं पीठ आणि वर आइस्क्रीमचा गोळा. शेजारच्या टेबलांवर मी ते इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटून चित्र काढलं असतं. खाल्लं मात्र कधीच नव्हतं. कारण ती विचारायची, मी म्हणायचो, "नो, नो," आणि ती चक्क निघून जायची!

आता पहिल्याच खेपेला कोणी हो म्हणतं का? दोनदा नको म्हणायचं, वाढणाऱ्याने आग्रह करायचा, तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडं" म्हणत ताट पुढे करायचं, असं मला घरात शिकवलंय. या बाईला एवढी साधी रीत कळू नये? आणि आपण होऊन गोड मागायचं म्हणजे शुद्ध हावरटपणा.

"अहो, हवंय तर सरळ येस म्हणा ना," बायको दर शनिवारी वैतागायची. "तिला काय स्वप्न पडणारे?"

गेल्या शनिवारी प्लेट्स उचलता उचलता बाई म्हणाली की आज तिचा शेवटचा दिवस. रिटायर होऊन ती लेकीकडे ओहायोला चालली होती. मला एकदम भरून आलं.

"लास्ट चान्स, हनी," ती म्हणाली. "कॉबलर?"

"नो, नो," मी म्हणालो.

ती गेली. स्वतःच्या तोंडाचा इतका राग मला कधी आला नव्हता. बायको तडक उठून काउंटरपाशी गेली आणि तिला काहीतरी समजावू लागली. बायकोने वर केलेली तीन बोटं मला लांबूनही दिसली. मी मेन्यूकार्डाआड तोंड लपवलं.

बाई परत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कॉबलर?"

"नो, नो."

"प्लीज?"

"नो, आय अ‍ॅम फुल."

"फॉर मी?"

"ओके. व्हेरी लिटल."

काउंटरपाशी बसलेला एक टोपीवाला म्हातारा मोठ्याने "फायनली!" म्हणाला.

कॉबलर भयंकर गोड निघालं. दात शिवशिवले. तरी डोळे पुसत मी ते सगळं संपवलं, कारण ते तिने वाढलं होतं. चमचा खाली ठेवतोय तोच ती पुन्हा हजर.

"वन मोअर?"

"नो!" आयुष्यात इतकं खरंखुरं नको मी कधीच म्हटलं नव्हतं.

तिने बायकोकडे बघून मान डोलावली आणि आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा जीव तोडून नाही म्हणालो. मग तिने प्रेमाने दुसरं कॉबलर माझ्यापुढे ठेवलं.

वाढलेलं टाकायचं नाही, हेही मला घरातच शिकवलंय.