सलीम मिस्त्रींच्या करवतीचे दात

"एवढा जोर लावून राह्यलो तरी काऊन चालून नाही राह्यली बे ही?"

आमचे सुतार सलीम मिस्त्री आपल्या करवतीवर ओरडत होते. चिखली तालुक्यातल्या उंद्रीत आमच्या नव्या घराची चौकट उभी करायचा मुहूर्त दहा वीसला संपणार होता. दहा वाजले होते, आणि चौकटीचे पाय चार बोटं लांब भरले होते. तेवढे कापायचे, की झालं. करवत मात्र अर्धा इंच आत गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली.

मिस्त्रींनी हिसका दिला. करवतीमागं चौकट आली, चौकटीवरचं हळदीकुंकवाचं ताट आलं आणि ताट धरायला आई आली.

"भाऊ, लाकूड ओलं असन."

"मावशी, दोन वर्सं वाळलेलं सागवान हाये हे."

"मंग तेल लावा."

तेल लावलं. साबण घासला. करवत आता तेलासाबणासकट अडकली.

"उन्हानं फुगलं असेल," मी म्हणालो. (मी कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळे लाकडावर बोलायला कचरत नाही.) आईनं लगेच ते गार करायला तांब्याभर पाणी ओतलं. मग ते खरोखरच फुगलं!

शेवटी मिस्त्रींनी करवत उपसली, डोळ्यांपुढं आडवी धरली आणि एक डोळा मिटून दातांच्या रांगेवरून नजर फिरवली.

"हिले हात कोनं लावला?"

मी खूश झालो. म्हटलं, चला, कदर करणारा भेटला. काल संध्याकाळी मिस्त्री घरी गेल्यावर मला दिसलं, एक दात डावीकडे वाकलेला, पुढचा उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. अख्ख्या करवतीत एक दात सरळ असेल तर शपथ. एवढा कसबी माणूस आणि असं हत्यार! मी सपाट दगड घेतला, हातोडी घेतली आणि एकेक दात ठोकून असा ओळीत आणला, की शाळेतली प्रार्थनेची रांग लाजावी.

"ते वाकडे झाले नव्हते, सर," मिस्त्री म्हणाले. "काल दुपारभर बसून मीच वाकवले होते. दात दोन्हीकडे वाकले तं चीर रुंद पडते, पातं मोकळं फिरते. सरळ दाताची करवत फसनच."

"मंग दुसरी काढा ना, भाऊ," आई म्हणाली.

मी घसा खाकरला.

"ती बी?" मिस्त्रींनी विचारलं.

"ती आधी केली," मी म्हणालो. "हात बसावा म्हणून."

दहा एकवीस झाले.

"वाकवायले किती वेळ लागन, भाऊ?" आईनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"दोन घंटे. कोनी मदत नाही केली तं."

आईनं गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. हातोडीपासून तांब्यापर्यंत सगळं सांगितलं आणि भीतभीत विचारलं, "गुरुजी, आमच्या घराले काही दोष हाये का?"

पलीकडं पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"घराले दोष नाही. साडेबाराले दुसरा मुहूर्त हाये. तवर सरांले चिखलीले पाठवून द्या."